विषाणू 'प्रजनन' करतो हे बरोबर आहे का?

परवा भाचीचा विज्ञानाचा अभ्यास घेत होतो तर मधेच विचारते, मामा, विषाणूचं पिल्लू केवढं असतं? बोलतीच बंद. कारण दोन मिनिटांपूर्वी मीच सांगितलेलं की विषाणू पेशीत शिरून प्रजनन करतो, आणि प्रजनन म्हटलं की पिल्लू आलंच ना!

जिवाणूचं ठीक आहे, तो खातो, फुगतो, एकाचे दोन होतो. विषाणूचं तसं नाहीच. ई. कोलाय जिवाणूवर बसणारा टी४ हा विषाणू घ्या. पाय टेकवतो, डीएनए आत ढकलतो, टरफल बाहेरच. पहिल्या दहाएक मिनिटांत ती पेशी फोडून बघितली तर आत एकही अख्खा विषाणू सापडत नाही. मग जिवाणूच्याच यंत्रणेतून डोकी वेगळी, शेपट्या वेगळ्या, पाय वेगळे तयार होतात, ते जोडले जातात आणि साधारण अर्ध्या तासात पेशी फुटून शंभरेक विषाणू बाहेर, सगळे पहिल्यापासून तेवढ्याच मापाचे. म्हणून 'प्रजनन'ऐवजी मला 'जुळणी' हा शब्द बरा वाटतो. तुम्हाला?

— कोकिळेचं उदाहरण द्या की, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते ती.

— नाही हो जमत. अंडं अख्खं राहतं, उबवलं जातं, पिल्लू वाढतं. हा तर शिरतानाच सुटा होतो.

— टरफल बाहेर राहतं हे कळलं कसं पण?

— मिक्सरमुळे, खरंच! १९५२ साली हर्शी आणि चेस या शास्त्रज्ञांनी टी४सारख्याच टी२ विषाणूच्या टरफलातल्या प्रथिनाला किरणोत्सारी गंधकाची खूण केली, डीएनएला फॉस्फरसची, आणि जिवाणूंवर चिकटलेली टरफलं मिक्सरमध्ये फिरवून झटकली. गंधक बहुतेक बाहेर राहिलं, फॉस्फरस आत गेलेला.

— जुळणी ही शेवटची पायरी झाली राव, त्याआधी डीएनएच्या प्रती निघतात त्याचं काय? पुस्तकात 'प्रतिकृती' असतं.

— पुस्तकात ठीक, बोलताना जीभ अडखळते. सरळ 'नकला काढून घेतो' म्हणा. 'काढतो' नाही हं, 'काढून घेतो'. राबतो जिवाणू.

हे 'काढून घेतो' एकदम पटलं, जुळणी मागे घेतो. भाचीला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे झेरॉक्सचं दुकान जिवाणूचं, कागद त्याचा, शाई त्याची आणि शेवटी दुकानच फुटतं? हो म्हटलं.