आरव म्हणजे म्हणे शांत! नावाचा अर्थ माणसाला शोभतो तरी का?

मल्हारगंजकर

काल इथे एक लांबलचक पोस्ट आली. जुनी नावं अर्थपूर्ण, नवी पोकळ. नावाचा अर्थ मुलाच्या स्वभावात उतरतो. म्हणून इंदूरच्या मराठी घरांनी आरव-विवान सोडून मल्हार, अहिल्या, यशवंत ही नावं ठेवावीत. खाली सगळ्यांनी हात जोडले. मी जोडत नाही.

त्या पोस्टीत मल्हारचा अर्थ दिलाय ‘पाऊस आणणारा’. तो संगीतातल्या मल्हार रागाचा हिशेब. होळकरांचा मल्हार खंडोबाचा आहे. मल्ल अधिक अरि, मल्लारि, त्याचा मल्हार. मल्ल दैत्याचा वैरी. अर्थ स्वभावात उतरत असेल तर हा पोरगा रोज कुणाचं तरी डोकं फोडून घरी येईल.

आता आरव. नावांच्या याद्यांत सर्रास ‘शांत’ असं छापतात. रव म्हणजे आवाज, आरव म्हणजे ओरडा, गलका. शांत हवा असेल तर नीरव ठेवा. विवानला ‘सूर्याचा पहिला किरण’ म्हणतात. संस्कृतातला सूर्य विवस्वान आहे, विवान हा मधला डबा गळालेली गाडी.

आणि नुसत्या अर्थावर भागत असतं तर शकुनी नाव घरोघर दिसलं असतं. शकुनि म्हणजे पक्षी, शकुंत म्हणजेही पक्षी. शकुंतला चालते, शकुनी चालत नाही. विभीषण म्हणजे भयंकर, आणि लंकेत सगळ्यात सौम्य तोच. शिशुपाल म्हणजे मुलांना सांभाळणारा. पाळणाघराला द्यावं असं नाव, पण कोण देतं? आधी ते नाव कुणी वापरलं ते लोक बघतात, अर्थ मागून चिकटतो.

शास्त्रीबुवा

यादीवाल्यांनी घोळ घातला म्हणून अर्थच फेकून द्यायचा? पंचांग चुकीचं छापलं म्हणून तिथी रद्द होते का?

नाव कसं ठेवायचं याचे नियम आहेत. पारस्कर गृह्यसूत्र, म्हणजे घरच्या संस्कारांचा जुना ग्रंथ, सांगतं, मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी, सुरुवात ग, ज, द, ब अशा घोष व्यंजनाने, मध्ये य र ल व पैकी एक, आणि शब्द कृदन्त, म्हणजे धातूपासून बनलेला; तद्धित, म्हणजे नामापासून बनलेला, नको. मुलीचं नाव विषम अक्षरी आणि आकारान्त. मनू म्हणतो, स्त्रीचं नाव उच्चारायला सोपं, अर्थ उघड, शेवटी दीर्घ स्वर. यात कान आणि अर्थ दोन्ही सांभाळलेत. आरव तीन अक्षरी, तिथेच बाद.

जाता जाता, शब्द अहल्या आहे. अ-हल्या, जिच्यात हल्य म्हणजे कुरूपता नाही ती. ‘अहिल्या’ हे पुढचं बोलीतलं रूप.

मल्हारगंजकर

म-ल्हा-र. मोजा. तुमच्या सूत्राने आमचे सुभेदार मल्हाररावही बाद. तुकोजी तर अघोष ‘त’ने सुरू होतात, वर तीनच अक्षरं. होळकरांचं अर्धं घराणं गेलं.

खजुरी बाजार

भिया, इंदुरात बसून अहिल्याबाईंचं नाव दुरुस्त करायला निघालात? विमानतळावर, विद्यापीठावर तेच आहे. जाऊन पाटी बदला.

शास्त्रीबुवा

पाटी तुम्हीच सांभाळा. मी व्युत्पत्ती सांगितली. आणि अहल्या तीन अक्षरी, आकारान्त, सूत्रात चोख बसते, हेही लिहून ठेवा.

रामबागवाली

शास्त्रीबुवा, मनू काढलात तर अर्धा काढू नका. तिसऱ्या अध्यायात तोच म्हणतो की नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी यांचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. रोहिणी, तुळसा, नर्मदा, क्षिप्रा, मैना सगळ्या गेल्या. माळव्यात मग उरतं कोण?

दुसऱ्या अध्यायातला श्लोकही सांगा की. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित. म्हणजे ऐकताच किळस यावी असं. आणि आपण ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणून हसतो! सोनं नावातसुद्धा कुणाला परवडू द्यायचं हे ठरवून ठेवलेलं होतं.

शास्त्रीबुवा

विषय नावांचा होता. यात जात कुणी आणली?

रामबागवाली

श्लोकाने.

आणि वाईट अर्थाची सगळीच नावं लादलेली नव्हती. मुलं जगत नसत तेव्हा मृत्यूची नजर लागू नये म्हणून मुद्दाम दगडू, धोंडू, केरू, भिकू ठेवत. इकडे माळवीत रोडीलाल, कारण रोडी म्हणजे उकिरडा. धोंडो केशव कर्वे बघा, जन्म 1858, भारतरत्न 1958, मृत्यू 1962. शंभरी ओलांडलेला धोंडा. मुलींच्या वाट्याला आलं ते निराळं. धापूबाई म्हणजे ‘पोट भरलं, आता मुली पुरे’. तिकडची नकुशी तीच. सातारा जिल्ह्यात 2011 साली दोनशेहून जास्त नकुशींची नावं समारंभ करून बदलली. नावाचा अर्थ बिनकामाचा असता तर हा खटाटोप कशाला? मल्हारगंजकर, हे तुम्हालाही आहे.

मल्हारगंजकर

बरं. नकुशीपुरतं तुमचं खरं. तिथे अर्थ रोज हाक मारून ऐकवला जातो. आरवला गलका म्हणून कुणी हाक मारत नाही.

नोंदखिडकी

अर्थावर भांडा, पण आधी नाव कागदावर कसं चढतं ते बघा. जन्माची नोंद 21 दिवसांत. नाव ठरलं नसेल तर नोंद बिननावाची होते. 12 महिन्यांपर्यंत नाव फुकट चढतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, आधार सगळीकडे जन्मतारखेच्या पुराव्याला हाच जन्मदाखला लागतो. आधारमध्ये नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. म्हणून इंदुरात नाव ठेवताना ज्ञ, ळ, ऋ टाळा.

प्रज्ञा घ्या. आपण रोमनमध्ये ‘डी-एन-वाय’ लिहितो. हिंदी बाबू ते परत देवनागरीत आणतो ‘प्रदन्या’. यज्ञेशचा यदनेश. ‘जी-वाय’ लिहा, प्रश्न मिटतो.

खजुरी बाजार

म्हणजे प्रग्या! मराठीची लाज वाटते का? उद्या काळेंना काले म्हणाल.

नोंदखिडकी

मी नाही, दाखला म्हणतो. काले निदान काळाच राहतो. मुळेंचे मुले होतात, शेळकेंचे शेलके, निळूभाऊंची नीलू होऊन लिंगाच्या रकान्यात गडबड, आणि बाळ नावाच्या माणसाचा बाल, म्हणजे हिंदीत केस. अर्थ शोभतो का विचारताय? आधी तो दाखल्यापर्यंत पोचू द्या.

बडोदेकर

आमच्याकडे गुजरातीत ळ आहे, तेवढं सुख. पण ज्ञ चा ग्न. प्रग्ना, यग्नेश. मूळ ज् अधिक ञ तुम्हीही म्हणत नाही, आम्हीही नाही. त्यामुळे मराठीचं शुद्ध आणि हिंदीचं अशुद्ध हा आव सोडा.

खजुरी बाजार

बडोद्याने मध्ये पडू नये. ळ हिंदी कीबोर्डवर आहेच. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘एन’ दाबा. बाबूला दाबायचा नसतो.

नोंदखिडकी

दाबायचा नसतो हे मान्य. म्हणून आधार केंद्रावर तुमच्याकडे तोंड केलेला दुसरा पडदा असतो, तो वाचल्याशिवाय सही करू नका. रोमन टाकलं की हिंदी आपोआप बनतं आणि तिथेच ळ मरतो. चूक तिथल्या तिथे सुधारते. नंतर पूर्ण नाव बदलायचं तर शपथपत्र, वर्तमानपत्रात जाहिरात आणि राजपत्र. भाषाभिमान त्या रांगेत दाखवा.

शास्त्रीबुवा

अक्षर बदललं की अर्थ बदलतो हे मी पहिल्यापासून म्हणतोय! हृषीकेश म्हणजे इंद्रियांचा स्वामी. तुम्ही सगळे लिहिता ऋषिकेश. म्हणजे ऋषीचे केस.

मल्हारगंजकर

एक बाल, एक ऋषीचे केस. धागा न्हाव्याकडे गेला.

पहिलटकर

भांडण संपलं असेल तर विचारतो. मुलगी आहे, हस्त नक्षत्र, तिसरं चरण. गुरुजींनी ‘ण’ अक्षर काढून दिलंय. बारसं रविवारी. काय करू?

शास्त्रीबुवा

पू, ष, ण, ठ ही हस्ताची चार अक्षरं. ण ने नाव सुरू होत नाही. अशा वेळी कन्या राशीतलं दुसरं अक्षर घेतात: टो, पा, पी, पू, पे, पो. नाहीतर नावरस नाव, म्हणजे नक्षत्राच्या अक्षरावरचं, कागदापुरतं आणि व्यवहारनाम मोकळं. देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम, व्यवहारनाम अशी चार असतात, हाक एकाच नावाने मारायची.

रामबागवाली

पूर्वा ठेवा. आत्याला कानात सांगायलाही सोपं.

नोंदखिडकी

ळ नाही, ज्ञ नाही. चालेल. पण ‘डबल ओ’ की नुसता ‘यू’ ते आजच ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा.

शास्त्रीबुवा

पूर्वा हे नक्षत्रनाम होतं. मनूला चालणार नाही.

रामबागवाली

त्याला बारशाचं आमंत्रण नाही.