मदत हवी आहे: ऑफिसच्या डेस्कटॉपवर रेड १ (दोन डिस्क जोडून दोन्हीवर तोच डेटा) करायचंय, विंडोज पुन्हा न टाकता होईल का?

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्यात काजू फॅक्टरीच्या ऑफिसात आहे, काम हिशेबाचं पण कॉम्प्युटरचं काही अडलं की तेही माझ्याकडेच येतं. ऑफिसात तीन ब्रँडेड बिझनेस डेस्कटॉप आहेत, छोट्या कॅबिनेटवाले, बारावी जनरेशन आय-५, विंडोज ११ प्रो. त्यातल्या एकावर टॅली आणि बी खरेदीचं सॉफ्टवेअर आहे, बाकीचे दोन नेटवर्कवरून त्याच्यातलाच डेटा वापरतात.

मार्च लागला की बी यायला लागते ती मे संपेपर्यंत. सकाळपासून काट्यावर टेम्पो उभे, कोणाची किती पोती, ओलावा बघून काय दर लावला, आधी उचल किती दिलेली, हे सगळं त्या एका मशीनमध्ये. गेल्या सीझनला भर गर्दीत त्याची डिस्क गेली. बॅकअप होता म्हणून आकडे मिळाले, पण नवीन डिस्क आणून विंडोज टाकून सगळं परत उभं करेपर्यंत शेतकऱ्यांना वहीच्या पानावर लिहून दिलं आणि लोक उन्हात ताटकळले. मालकांनी सांगितलंय यंदा असं होता कामा नये, आणि मलाही तेच वाटतं, माणूस दोडामार्गाहून माल घेऊन येतो त्याला आम्ही कॉम्प्युटर बंद आहे म्हणून कसं थांबवणार.

म्हणून दोन १ टीबीच्या साटा एसएसडी घेतल्यात, एकसारख्या. एक आत बसवून तिच्यावर विंडोज आणि सगळं सॉफ्टवेअर चालू आहे, दुसरी अजून खोक्यातच. सिस्टीम देणाऱ्या माणसाने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) जाऊन स्टोरेज मोड एएचसीआयवरून (डिस्क सुट्या वापरायचा साधा मोड) रेड ऑन केला तर निळी स्क्रीन, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. परत एएचसीआय केल्यावर व्यवस्थित चालू झालं. तो म्हणतो सगळं फॉरमॅट करावं लागेल. शिवाय तो असंही म्हणाला की फॉरमॅट करायचंच आहे तर रेड ० करा, स्पीड डबल मिळेल.

माझे प्रश्न असे की खरंच फॉरमॅट करावं लागतं का, रेड कुठलं करू, आणि तिन्ही मशीनला करू की एकालाच? टॅलीचं लायसन्स, प्रिंटर, काट्याचं कनेक्शन हे सगळं परत जुळवायला फार वेळ जातो, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद १:
सगळ्यात आधी रेड ० डोक्यातून काढून टाका. त्यात डेटा दोन डिस्कवर अर्धा अर्धा वाटला जातो, कुठलीही एक गेली की सगळंच गेलं, म्हणजे तुम्हाला जी भीती आहे ती दुप्पट करून घ्यायची. टॅलीला तुमच्याकडे त्या स्पीडचा काडीचा उपयोग नाही. रेड ५ ला कमीत कमी तीन डिस्क लागतात, रेड १० ला चार, आणि छोट्या कॅबिनेटमध्ये तेवढी जागाच नसते. तुमच्यासाठी रेड १ म्हणजे मिररिंगच. दोन्हीवर तेच लिहिलं जातं, एक मेली तर दुसरीवर मशीन चालत राहतं आणि संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर निवांत डिस्क बदलता येते. दोन १ टीबी मिळून जागा १ टीबीच मिळणार हे मालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या डिस्कचे पैसे गेले कुठे असं विचारतील.

आणि तिन्हीला अजिबात नको. डेटा ज्याच्यात आहे त्यालाच करा. बाकीच्या दोनपैकी एकात टॅली आणि काट्याचं सॉफ्टवेअर टाकून ते मशीन तयार ठेवा, कारण उद्या डिस्क नाही तर पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड गेला तर रेड काही कामाचं नाही.

प्रतिसाद २:
फॉरमॅटची गरज नाही. निळी स्क्रीन येते कारण मोड बदलल्यावर विंडोजला बूटच्या वेळी जो कंट्रोलर ड्रायव्हर लागतो तो चालू झालेला नसतो. अकराव्या जनरेशनपासून इंटेलने यात व्हीएमडी (डिस्क सांभाळणारा इंटेलचा वेगळा कंट्रोलर) आणलंय, त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असेलच असं नाही. नवीन विंडोज टाकतानासुद्धा लोक म्हणतात डिस्कच दिसत नाही, ते ह्याच्यामुळेच, तिथे लोड ड्रायव्हर करून द्यावा लागतो.

आधी पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) बाहेरच्या ड्राइव्हवर काढा, ह्याच्याशिवाय पुढे जाऊच नका. मग बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. विंडोज ११ मध्ये कित्येकदा ते आपोआप चालू झालेलं असतं आणि बायोसमध्ये बदल केला की ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर सस्पेंड करा. त्यानंतर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर घ्या आणि आधीच विंडोजमध्ये टाकून ठेवा. मग एमएसकॉन्फिग (विंडोजचीच सिस्टीम सेटिंगची खिडकी) उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूट, मिनिमल वर टिक करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड रेड ऑन करा, सेव्ह करा. सेफ मोडमध्ये चालू होताना विंडोज तो ड्रायव्हर उचलतं. चालू झालं की परत एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन ती टिक काढायची आणि रीस्टार्ट. बहुतेक मशीनवर हे चालतं, नाही चाललं तर मोड परत एएचसीआय करून जसं होतं तसं होता येतं.

एक लक्षात ठेवा, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड माहीत असू दे.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचेही. आमच्यात पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता, सगळे पिननेच उघडतात, आता नवीन करून ठेवलाय. एन्क्रिप्शनपण चालू निघालं! पण मोड बदलल्यावर मिरर कुठून करायचा, बायोसमधून की विंडोजमधून?

प्रतिसाद २:
विंडोजमधून, आणि हे फार जपून. बायोसमधून व्हॉल्यूम (दोन्ही डिस्क मिळून दिसणारा एक ड्राइव्ह) बनवलात तर दोन्ही डिस्क पुसल्या जातात. विंडोजमध्ये इंटेलचंच स्टोरेज मॅनेजमेंटचं ॲप आहे, त्यात क्रिएट व्हॉल्यूमला गेल्यावर कुठल्या डिस्कवरचा डेटा ठेवायचा हे विचारतं. तुमच्या दोन्ही एसएसडी एकाच मॉडेलच्या आहेत, नाव सारखं, साइज सारखी, तिथे फक्त सीरियल नंबरावरून ओळख पटते. दुसरी डिस्क बसवायच्या आधीच दोन्हीच्या लेबलवरचे नंबर लिहून घ्या. उलटी निवड झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते.

छोट्या कॅबिनेटमध्ये दुसऱ्या ड्राइव्हची पॉवर बऱ्याचदा मदरबोर्डवरूनच निघते आणि ती केबल त्या त्या कंपनीची वेगळी असते, बाजारातली साधी केबल लागत नाही. सुटे पार्ट कुडाळला मिळतील याच्या भरवशावर राहू नका, आजच उघडून बघा.

प्रतिसाद ३:
मी चिपळूणचा, म्हणून थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा कितीतरी दुकानांचे कॉम्प्युटर टेबलासकट पाण्याखाली गेले. मिररच्या दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात, एक बुडाली की दुसरीही बुडते. वीज पडून उंच व्होल्टेज आलं तरी तेच. आणि रॅन्समवेअरने फायली लॉक केल्या किंवा कोणी चुकून टॅलीतली कंपनी डिलीट केली तर मिरर ती चूक त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरही करतो. आम्ही आता यूएसबीच्या दोन डिस्क आलटून पालटून वापरतो, रोज संध्याकाळी बॅकअप घेतला की केबल काढायची आणि ती डिस्क मालकांच्या घरी जाते, दुसरी दुसऱ्या दिवशी येते. केबल काढणं महत्त्वाचं, लावलेली राहिली तर व्हायरसला तीपण सापडते. तुमच्याकडे बॅकअप आहे म्हणालात, पण तो आहे कुठे? त्याच टेबलावर असेल तर आज हलवा.

आणि यूपीएस. कोकणात लाईटचं काय सांगायचं, पावसाळ्यात तर झाड पडलं की गेलीच. लिहिता लिहिता लाईट गेली तर दोन डिस्क एकमेकींशी जुळत नाहीत आणि चालू झाल्यावर व्हेरिफाय करत बसतं. ॲपमध्ये राइट-बॅक कॅशे (डेटा आधी मेमरीत ठेवून मग डिस्कवर लिहिणं) असं काही दिसलं तर यूपीएसशिवाय ते चालू करू नका.

धागाकर्ता:
बॅकअप ऑफिसच्याच कपाटात होता, कालपासून मालकांकडे जातोय. यूपीएसची बॅटरी नवी टाकली.

रविवारी बसून केलं. इमेज, बिटलॉकर सस्पेंड, ड्रायव्हर, सेफ बूट, रेड ऑन, सगळं प्रतिसाद २ मध्ये सांगितलंय त्याच क्रमाने, आणि टॅलीच्या लायसन्सला धक्काही लागला नाही. केबल खरंच वेगळी निघाली, डीलरकडून मागवावी लागली. जुन्या कॅबिनेटचे स्क्रू खाऱ्या हवेने असे धरलेले की तेल सोडून रात्रभर ठेवले तेव्हा निघाले. आता ॲपमध्ये मायग्रेटिंग दाखवतंय आणि टक्के हळूहळू चढतायत. तोवर काम केलं तर चालेल का? आणि एक डिस्क गेली हे आम्हाला कळणार कसं, कारण मशीन तर चालतच राहणार ना?

प्रतिसाद १:
काम करा, थोडं हळू वाटेल एवढंच. एसएसडी आहेत म्हणून काही तासांत होईल, फिरणाऱ्या डिस्क असत्या तर रात्र गेली असती.

दुसरा प्रश्न फार चांगला विचारलात, कारण खरी फजिती इथेच होते. एक डिस्क मरते, ॲपमध्ये व्हॉल्यूम डिग्रेडेड दिसतं, पण ते ॲप कोणी उघडतच नाही आणि मग महिन्यांनी दुसरी जाते तेव्हा लोक म्हणतात रेड असून डेटा गेला. रोज सकाळी काटा चालू करताना ते ॲप उघडून नॉर्मल आहे का बघायचं हे एका माणसाकडे द्या, रजेवर असला तर दुसरं कोण तेही ठरवा. सीझनच्या आधी एकदा खोटी परीक्षा घ्या. बॅकअप घेऊन मशीन पूर्ण बंद करा, दुसऱ्या डिस्कची केबल काढा, चालू करून टॅली उघडतंय का बघा. मग बंद करून केबल लावा, रिबिल्ड (दुसरी डिस्क पुन्हा पहिलीसारखी करणं) आपोआप सुरू झालं नाही तर ॲपमधून सुरू करा, आणि ते पूर्ण होईपर्यंत पहिल्या डिस्कला हात लावू नका.

दोन्ही सीरियल नंबर चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, कुठला नंबर कुठल्या पोर्टला तेही लिहा. आणि त्याच साइजची तिसरी एसएसडी आत्ताच घेऊन कपाटात ठेवा, जमलं तर वेगळ्या दुकानातून, वेगळ्या लॉटची.

धागाकर्ता:
हो, तिसरी सावंतवाडीहून मागवतो. चिठ्ठी आजच लावली. मार्चच्या आधी केबल काढून बघतो आणि काय झालं ते इथेच लिहितो.