कूबर पीडी: आधी पाणी-वीज की पर्यटन?

कूबर पीडी हे ऑस्ट्रेलियातलं ओपलच्या खाणींचं गाव; काही जण म्हणतात की तिथल्या कौन्सिलनं (म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या संस्थेनं) आधी पाणी-वीज बघावी, पर्यटनाचं नंतर. अर्धंच पटलं. २०१९ मध्ये साऊथ ऑस्ट्रेलिया सरकारनं निवडून आलेली कौन्सिल बाजूला करून प्रशासक बसवला, म्हणजे हिशोबाची बोंब होतीच. पण बोअरचं खारं पाणी गोडं करून पुरवायचं, तेही ॲडलेडपासून साडेआठशे किमीवर, मूठभर घरांच्या जिवावर, हा खर्च निघणार कुठून? १९१५ मध्ये एका पोराला ओपल हे रत्न सापडलं तेव्हापासून गाव खाणीवर चाललंय, पण ओपल म्हणजे शेवटी नशिबाचा खेळ, पर्यटक निदान दर हिवाळ्यात येतात तरी.

आणि नवीन काही बांधायची गरजच नाही हो, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना जमिनीखालच्या घरात एसीशिवाय पंचविशीच्या आसपास, लोक तेच बघायला येतात. शिवाय मातीच्या ढिगाऱ्यात ओपलचे तुकडे शोधत बसायचं, पोरं तासभर हलत नाहीत. फक्त खाणींच्या उघड्या शाफ्टकडे, म्हणजे खोल उभ्या खड्ड्यांकडे, कौन्सिलनं लक्ष द्यावं, पाट्या आहेत, खड्ड्यात पडणाऱ्या माणसाचं चित्र काढलेल्या, 'उलटं चालू नका' म्हणून, पण सेल्फी काढणारा माणूस उलटाच चालतो ना!