पाटीवर काय लिहू : दूधपेढी की मातृदुग्धपेढी?

आमच्या जिल्हा रुग्णालयात ह्यूमन मिल्क बँक, म्हणजे आयांनी दिलेलं दूध साठवून दुसऱ्या गरजू बाळांना द्यायची सोय, सुरू होते आहे आणि पाटीचा मराठी मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. ‘मातृदुग्धपेढी’ लिहून दाखवलं, तर शिपाईमामा म्हणाले, ‘दुग्ध म्हणजे डेअरीचं ना?’ ‘दूधपेढी’ सुटसुटीत आहे, पण उद्या कुणी कॅन घेऊन यायचा. सुचवा.

———

पेढी ठेवाच. ती मुळात सावकाराची, सराफाची. पण ‘रक्तपेढी’नं त्यातला व्याजाचा वास कधीच घालवला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली अशी पेढी काढली, म्हणजे शब्द रुळायला वेळ भरपूर मिळाला होता. ‘दुग्ध’ मात्र दुग्धविकास खात्यानं नेला. ‘आईच्या दुधाची पेढी’ लिहा. लांब आहे, पण कळतं.

———

‘हिरकणी पेढी’ कसं वाटतं?

———

नको हो. एसटी स्टँडवरचा हिरकणी कक्ष म्हणजे बाळाला पाजायची जागा, हे आता लोकांना ठाऊक झालंय. शिवाय हिरकणी कडा उतरली ती स्वतःच्या बाळासाठी. इथे दूध जातं दुसरीच्या बाळाला.

———

पाटीचं काय ते ठरवा, खरी अडचण खाटेपाशी येते. मी एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागात, सिस्टर आहे. आमच्याकडे दूध दोनच प्रकारचं, अंगावरचं आणि वरचं. वरचं म्हणजे गाईचं नाहीतर पावडरीचं. एका १,२०० ग्रॅमच्या बाळाच्या आईला दूध उतरत नव्हतं, म्हणून दुसऱ्या आईचं द्यायचं ठरलं. आजीनं विचारलं, ‘म्हणजे वरचंच ना?’ मी घाईत ‘हो’ म्हटलं. आजीनं पिशवीतून पावडरीचा डबा काढला : ‘मग हेच द्या की, आपलं तरी आहे.’

आजीचं काही चुकलं नव्हतं, माझा शब्द चुकला. पावडरीच्या दुधानं अशा बाळाच्या आतड्याला गंभीर सूज येण्याचा धोका जास्त, आईच्या दुधानं, मग ती दुसरी आई का असेना, कमी. तेव्हापासून मी ‘दुसऱ्या आईचं अंगावरचं’ म्हणते. चालेल का?

———

चालेल काय, पळेल! संस्कृतात अशा आईला ‘धात्री’ म्हणत. ‘धे’ म्हणजे पिणे, त्याच धातूतली ‘धेनु’. चरकानं तर धात्री निवडताना तिची आणि तिच्या दुधाची परीक्षा सांगितली आहे; आज एचआयव्ही, कावीळ बी आणि सिफिलिसची तपासणी करतात.

———

फॉर्मवर ‘धात्री’ नको. शेजारी ‘दात्री’ आलं की टायपिंगमध्ये एकीची दुसरी झालीच. ‘दूध देणारी आई’ लिहा.

———

सिस्टर, ‘पाश्चरीकरण’ नातेवाइकांना कसं सांगता?

———

आधी ‘तापवलेलं’ म्हणायचे. मग आजी विचारतात, ‘साय काढली का?’ खरं तर ते ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात, उकळी येऊ देत नाहीत, आणि लगेच गार करून उणे २० अंशांवर गोठवतात. आता ‘जंतू मारलेलं, न उकळलेलं’ असं सांगते.

———

सगळ्यांचे आभार. पाटी ठरली, ‘आईच्या दुधाची पेढी’. पण आतल्या दारासाठी ठेकेदारानं ‘दुग्धदोहन कक्ष’ असं रंगवून आणलंय.

———

अरे देवा, गोठा केला की! पुसायला सांगा. ‘दूध काढायची खोली.’