मदत हवी आहे : स्लेडचं गाणं ब्रिटनमध्ये थेट पहिलं, अमेरिकेत ९८वं. कसं काय?

नमस्कार मंडळी. आमच्या गाणी ऐकणाऱ्या मित्रमंडळात यावेळी ग्लॅम रॉकवर (सत्तरच्या दशकातलं, झगमगीत पोशाखांतलं रॉक संगीत) बोलायची पाळी माझी आहे आणि मी एका गाण्यापाशी अडकलोय.

स्लेड या ब्रिटिश बँडचं 'कम ऑन फील द नॉइझ' १९७३च्या मार्चमध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत आलं ते थेट पहिल्या क्रमांकावर. चढत चढत नव्हे, पहिल्याच आठवड्यात! १९६९मध्ये बीटल्सच्या 'गेट बॅक'नंतर असं कुणालाच जमलं नव्हतं. स्लेडने मात्र त्याच वर्षी आणखी दोनदा ते करून दाखवलं, शेवटचं त्यांचं नाताळचं गाणं.

आणि अमेरिकेत? बिलबोर्ड या तिथल्या संगीत-नियतकालिकाच्या यादीत ९८वं. बरं, गाण्यातच खोट म्हणावी, तर दहा वर्षांनी क्वाएट रायट या अमेरिकी बँडने तेच गाणं पुन्हा केलं आणि ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं.

माझा अंदाज असा की ब्रिटनची यादी दुकानातल्या विक्रीवर ठरायची, तर बिलबोर्ड रेडिओवर किती वाजतं तेही धरायचं. पण एवढ्यानं इतका फरक पडेल, हे मला पटत नाही.

त्या काळी इंग्लंड-अमेरिकेत असलेलं किंवा यावर वाचलेलं कुणी आहे का इथे? आगाऊ मागणीमुळे पहिल्याच आठवड्यात विक्री उसळायची का? आणि स्लेडची ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) तबकडी मुंबई-पुण्यात कुणी पाहिली असेल तर तेही सांगा.