बाबांची स्कूटर: गुपचूप बंद पाडावी की तोंडावर सांगावं?

सातारकरीण: बाबा ७९ चे, सातारला एकटेच. मी पुण्याहून दर शनिवारी जाते. त्यांना काचबिंदू आहे, थेंब चालू आहेत. गेल्या महिन्यात राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे उतरताना डावीकडून आलेली रिक्षा त्यांना दिसलीच नाही. गुडघ्यावर निभावलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "पेपरातली बारीक अक्षरं वाचतो मी, डोळ्यांना काय धाड भरलीय?" भाऊ म्हणतो, प्लग काढून ठेव आणि मेकॅनिकला 'पार्ट मिळत नाही' म्हणायला सांग. मला ते पटत नाही. समोर बसून सांगायचं ठरवलंय. चुकतंय का माझं?

सरळसोट: चुकतंय. आईशी गॅसवरून मी असाच खरं बोलायला गेलो. तीनदा भांडं जळलं होतं. पुढे सहा महिने ती माझ्याशी फक्त नातवामार्फत बोलली. गाडी बिघडली तर राग गाडीवर निघेल, तुमच्यावर नाही.

रिकामा कट्टा: पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट आहे की, २०२२ पासून. स्कूटर हवीच कशाला?

सातारकरीण: एसटी मंडईत मेथीची जुडी घ्यायला थांबत नाही हो.

कृष्णाकाठ: सरळसोट, साफ असहमत. आमच्या आजोबांच्या लूनाचा प्लग वडिलांनी असाच काढला होता. आजोबा आठ दिवस घामाघूम होऊन पायडल मारत होते. आम्हा पोरांना सगळं माहीत, आणि आम्ही गप्प. पुढे त्यांना कळलं. गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत, पण पेन्शनचं पासबुक उशाखाली ठेवायला लागले. वडिलांनी दिलेली गोळीसुद्धा उलटीपालटी करून बघायचे.

थेंब दोन वेळा: मला स्वतःला काचबिंदू आहे म्हणून सांगतो. यात बहुधा आधी कडेची नजर जाते, मधली बराच काळ शाबूत राहते. गेलेल्या जागी काळोखही दिसत नाही, त्यामुळे आपलं काही गेलंय हेच कळत नाही. बाबा खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच सगळं दिसतंय असं वाटतं. दिवा दिसला की बटण दाबायची ती 'फील्ड'ची तपासणी करून घ्या आणि त्याचा कागद डॉक्टरांनाच समजावून सांगू दे. लायसन्सची तारीखही बघा. ५५ नंतर ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं, डॉक्टरी दाखल्यासह.

सरळसोट: दाखला कसा मिळतो ते आपण जाणतोच. आणि डॉक्टरांच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणजे तोंडावर सांगणं का? मग प्लगच काय वाईट?

कृष्णाकाठ: कागद त्यांच्या हातात असतो. प्लग तुमच्या खिशात.

सातारकरीण: बोलले एकदाची. कागद समोर ठेवला, डाव्या बाजूचा काळा पट्टा दाखवला. बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, "आणि गुरुवारी भजनाला कोण नेणार? तू?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी इतके दिवस फक्त अपघाताचं भाषण पाठ करत होते. गल्लीतल्या रिक्षावाल्याशी आता महिन्याचं ठरवलंय. किल्ली मात्र त्यांच्याच खिशात आहे. रोज सकाळी स्कूटर अंगणात स्टँडवर लावून दहा मिनिटं चालू ठेवतात, 'बॅटरी उतरते' म्हणून. भाऊ म्हणतो, अर्धवट काम केलंस. असेल.

सरळसोट: फाटकाला कुलूप तरी लावा.