जुनं प्रेशराइज्ड विमान चौघांत मिळून घेणाऱ्यांनो, जरा थांबा

वर्धारोडकर
परवा इथं एका भाऊंनी टाकलं की ते आणि तीन दोस्त मिळून १९८६ चं पायपर मालिबू घेऊन राहिले आहेत. एका इंजिनाचं छोटं विमान, पण प्रेशराइज्ड, म्हणजे उंचीवर केबिनमध्ये हवा दाबून भरणारं. व्हीटी नोंदणीचं, देशातलंच. "धरमपेठेतल्या फ्लॅटपेक्षा स्वस्त, २५ हजार फुटांवर घरच्यासारखी हवा, पुणे पावणेदोन तासांत." खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवेना.

फ्लॅट कुलूप लावून ठेवला तर फार तर धूळ बसते. विमान उभं ठेवलं तर इंजिन आतून गंजतं. आणि जुनं विमान जुन्या भावात मिळतं, त्याचे सुटे भाग मात्र आजच्या भावात, डॉलरमध्ये, वर कस्टम.

मी स्वतः चार वर्षं एका सेस्ना पी-२१० मध्ये (तेही प्रेशराइज्डच) तिसरा भागीदार होतो, म्हणून बोलतो. एका उन्हाळ्यात १८ हजार फुटांवर शिट्टी वाजायला लागली. बारीक, कुकरची शिट्टी अडकल्यासारखी. केबिन अल्टिट्यूडचा, म्हणजे आतली हवा किती उंचीइतकी विरळ आहे ते दाखवणारा काटा हळूहळू वर. सगळ्यांनी दाराच्या सीलवर खापर फोडलं. सील मागवलं, बसवलं, शिट्टी तशीच. शेवटी जमिनीवर ब्लोअर लावून केबिन फुगवली आणि घरी गॅसची गळती बघतो तसं ब्रशने साबणाचं पाणी लावत गेलो. फेस दाराशी आलाच नाही. आला मागच्या बल्कहेडला, केबिनच्या मागच्या भिंतीला. तिथं कधीकाळी कोणीतरी अँटेनाची वायर काढून घेतली होती आणि भोक तसंच सोडलं होतं. एका भोकापायी अकरा आठवडे विमान हँगरात, पार्किंग चालूच, आणि तीन भागीदारांतलं बोलणं बंद.

तुम्ही तर चौघं आहात.

टेलविंड
तो भाऊ मीच. धागा काढण्यापेक्षा तिथंच उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं, पण असो.

साहेब, तुम्ही लुनाच्या अनुभवावरून बुलेटवर बोलून राहिले. पी-२१० म्हणजे साध्या २१० लाच नंतर प्रेशर दिलेलं विमान, डिफरेन्शियल (आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक) साडेतीन पीएसआयच्याही आत. २३ हजारांवर तुमची केबिन १२ हजारांच्या वर असणार. मालिबू पहिल्या रेघेपासून प्रेशराइज्ड म्हणूनच काढलेलं. साडेपाच पीएसआय, २५ हजारांवर केबिन आठ हजार. विमान कंपन्यांच्या जेटमध्ये बसता तेव्हाही साधारण तेवढीच असते.

आणि हौस म्हणून नाही घेत. आईला दर महिन्याला पुण्याला तपासणीला न्यावं लागतं. विमानतळावरच्या रांगा, व्हीलचेअरसाठी ताटकळणं, हे सगळं तिचं वय बघून विचार करा. साध्या, प्रेशर नसलेल्या टर्बो विमानात नेऊन पाहिलं. नाकात ऑक्सिजनच्या नळ्या घातल्या तर म्हणे, "मला आयसीयूत घेऊन चाललास का रे?" प्रेशरायझेशन माझ्यासाठी चैन नाही.

इंजिन बंद पडलं तर काय, हे विचाराल म्हणून आधीच सांगतो. २० हजारांवरून मालिबू ३५-४० नॉटिकल मैल तरंगत जातं. पुण्याच्या वाटेवर यवतमाळ आहे, संभाजीनगर आहे. कमी उंचीवरून जाणाऱ्याला एवढी निवड कुठून?

वर्धारोडकर
आईचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण तरंगत जाल तेव्हा केबिनमध्ये हवा कोण भरणार? ती त्याच इंजिनाच्या टर्बोमधून, हवा दाबणाऱ्या पंख्यातून येते. इंजिन गेलं की प्रेशरही गेलं. २५ हजारांवर शुद्ध राहायला ३ ते ५ मिनिटं. म्हणजे चाळीस मैल तरंगायचं गणित बाजूला ठेवून आधी नाक खाली घालायचं.

आणि चौघांपैकी इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडायचा परवाना, कितींकडे? भारतात व्हीएफआरला, म्हणजे बाहेर बघून उडताना, एफएल १५० च्या (साधारण १५ हजार फुटांच्या) वर जाता येत नाही. रेटिंग नसेल तर प्रेशरचे पैसे भरून खालूनच ऊन खात जाणार.

टेलविंड
दोघांकडे आहे. तिसरा करून राहिला. चौथा फक्त पैसे देतो, त्याला काय करायचं रेटिंग.

खामल्याचे काका
दोघंही जरा दम घ्या. मी आयुष्यभर पाना चालवला, एएमई (विमान देखभालीचा इंजिनिअर) म्हणून निवृत्त झालो. माझ्या मते विमान वाईट नाही, घेणारे वाईट असतात.

८६ च्या मालिबूत कॉन्टिनेंटलचं टीएसआयओ-५२० इंजिन. ते लीन ऑफ पीक चालवायचं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल बरंच कमी ठेवून, तसंच ते बनवलं आहे. पण पायलटांना लीनची भीती. मग मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) अर्धवट ठेवतात, ना इकडे ना तिकडे, आणि सिलिंडर भाजून निघतात. शिव्या कोणाला? मेकॅनिकला.

त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात ४५ अंश, सोनेगाव विमानतळ जेमतेम हजार फुटांवर, तरी डेन्सिटी अल्टिट्यूड पाच हजारांच्या घरात, म्हणजे हवा पाच हजार फुटांवरच्याइतकी विरळ. टर्बो आहे म्हणून ताकद पडत नाही, हे कबूल. आणि धावपट्टी ३२०० मीटर, तेव्हा उडायचीही चिंता नाही. पण काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या झाकणात) जाणारी हवाच तापलेली आणि विरळ, ती थंड काय करणार? वर चढताना सिलिंडरचं तापमान बघत राहावं लागतं. आणि उतरून वीस मिनिटं चहा पिऊन परत स्टार्ट करायला गेलात की लाइनमधल्या पेट्रोलची वाफ. मग बॅटरी संपेपर्यंत घरघर.

आता घ्यायचंच असेल तर लॉगबुक बघा, आणि विकणाऱ्याच्या मेकॅनिकला तपासायला लावू नका. एकदा मला असंच एक लॉगबुक दाखवलं. तीन वर्षांचे कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो त्याचे आकडे, सहाही सिलिंडर, दरवेळी ८० पैकी ७४. तेच अक्षर, तोच निळा पेन, शाईही तितकीच फिकी. अबे, सहा सख्खे भाऊसुद्धा तीन वर्षं एका वजनाचे राहत नाहीत! मी पुस्तक मिटवलं आणि चहा पिऊन घरी आलो.

बर्डीची डॉक्टर
काकांना एक जोड देते. एमिलियानो साला आठवतो का? फुटबॉलपटू. २१ जानेवारी २०१९, नांतहून कार्डिफला निघालेलं विमान इंग्लिश खाडीत पडलं. तेही मालिबूच, १९८४ चं. त्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण ५८ टक्के निघालं. एक्झॉस्टचा वायू केबिनमध्ये. ५८ टक्क्यांचा माणूस माझ्याकडे आला तर तो चालत येत नाही.

टेलविंड
डॉक्टर, अर्धीच गोष्ट सांगितली. त्या पायलटकडे नाइट रेटिंग नव्हतं आणि पैसे घेऊन प्रवासी न्यायचा परवानाही नव्हता. रात्री, खराब हवेत गेला. विमानाला काऊन दोष?

बर्डीची डॉक्टर
वायू परवाना विचारून आत येत नाही.

खामल्याचे काका
टर्बोजवळ वी-बँड क्लॅम्प असतात, एक्झॉस्टचे जोड आवळणाऱ्या पट्ट्या. तिथं पांढुरकी राख ओघळलेली दिसली की गळती समजायची. टॉर्च मारून दोन मिनिटांचं काम आहे, कोणी करत नाही. आणि आवाज करणारं सीओ (कार्बन मोनॉक्साइड) डिटेक्टर लावा. रंग बदलणारं कार्ड नको, झोप यायला लागलेला माणूस कार्ड बघत नाही.

टेलविंड
डिटेक्टर लावतो. झालं समाधान?

बुटीबोरी टू भिवंडी
मला एक कळून नाही राहिलं. एवढा कुटाणा कशाला? समृद्धी झाला न आता पूर्ण. ७०१ किलोमीटर, आठ तासांत मुंबईच्या दारात. आईला मागच्या सीटवर झोपवा, उशी द्या, झालं. यांना ऑक्सिजन पाहिजे, पीएसआय पाहिजे.

टेलविंड
भाऊ, पुण्याला जायचं आहे. मुंबईला नाही.

बुटीबोरी टू भिवंडी
मग संभाजीनगरला उतरा, पुढे नगर रोड. लोक जातात न.

वर्धारोडकर
या मुद्द्यावर मी टेलविंडच्या बाजूने. समृद्धीवर जाणं म्हणजे आठ तास डोळ्यांसमोर तोच पांढरा काँक्रीट. मेहकरच्या पुढे माझ्या साडूचा मागचा टायर फुटला. १२० वर होता, मर्यादेतच. गाडी दोन लेन सरकत गेली. नशीब बलवत्तर.

बुटीबोरी टू भिवंडी
टायर फुटला ती रस्त्याची चूक? नायट्रोजन भरला होता का? जुने टायर घालून १२० ने जाता आणि बदनामी समृद्धीची!

वर्धारोडकर
नक्षी भरपूर होती टायरला. नवाच दिसत होता.

बुटीबोरी टू भिवंडी
नक्षी बघून काय होते? टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३१७ असेल तर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला. तुमच्या साडूला विचारा, मी पैज लावतो, सहा-सात वर्षं जुना निघेल. रबर उभ्या उभ्या म्हातारं होते भाऊ, गाडी चालो न चालो. नागपूरच्या उन्हात तर लवकरच. मी ट्रान्सपोर्टमध्ये आहे, रोज बघतो. नायट्रोजन-फायट्रोजन तर नंतरची गोष्ट.

प्रतापनगरचा पोट्टा
नायट्रोजन थोतांड आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंपवाले फुकट लुटतात.

बुटीबोरी टू भिवंडी
तू किती वेळा गेला बे समृद्धीने? बाइकला तर तिथं बंदी आहे, तुझ्याकडे कार तरी आहे का? उरलेल्या २२ टक्क्यांत ओलावा असते, तो तापला की प्रेशर वाढते.

प्रतापनगरचा पोट्टा
कार आहे. आणि व्यक्तिगत नका जाऊ. ओलावा तर कॉम्प्रेसरला ड्रायर लावला की जाते.

बर्डीची डॉक्टर
धागा विमानाचा होता असं मला अंधुक आठवतं.

खामल्याचे काका
विमानाचाच चालू आहे. हा ट्रान्सपोर्टवाला आत्तापर्यंतचं सगळ्यात कामाचं बोलला. उभ्या उभ्या रबर म्हातारं होतं! टेलविंड, तुझ्या मालिबूच्या इंजिनाचे फ्युएल होज आणि ऑइल होज, म्हणजे पेट्रोल-ऑइलचे रबरी पाइप, कोणत्या साली बदलले? त्यावरही तारखेची पट्टी असते. गेल्या पाच वर्षांत ते विमान किती तास उडालं?

टेलविंड
विकणारा म्हणाला, चाळीसेक तास. कमी उडालं म्हणून चांगल्या स्थितीत आहे, असं त्याचं म्हणणं.

खामल्याचे काका
पाच वर्षांत चाळीस तास. वर्षाला आठ.

वर्धारोडकर
काकांनी आकडा फक्त परत लिहिला. मी अर्थ सांगतो. कॅमशाफ्टवर गंज, होज कडक, सील वाळलेले, केबिनची हवा बाहेर सोडणाऱ्या आउटफ्लो व्हॉल्व्हमध्ये मकडीचं घर. आणि पावसाळ्यापूर्वीचे विदर्भातले ढग ४५-५० हजार फुटांपर्यंत जातात. २५ हजारांवर तुम्ही त्यांच्या कमरेला लागाल. वरून जाऊ असा बेत असेल तर तो आजच मोडा.

टेलविंड
ढगांच्या वरून जाणार असं मी कुठं म्हटलं? बाजूने जाणार. आणि वादळ असेल तर जाणार नाही, आईची तारीख पुढे ढकलता येते. एवढी अक्कल दिल्याबद्दल आभार.

बाकी होजचं मान्य. मला विचारायचं सुचलं नव्हतं. आज सकाळी फोन केला, तर "होज ओरिजिनल आहेत" असं फार अभिमानाने सांगितलं.

खामल्याचे काका
ओरिजिनल! १९८६ चे!

प्रतापनगरचा पोट्टा
अमेरिकेतून नवीनातलं मिराज, मालिबूचंच पुढचं मॉडेल, आणा न मग. तिकडे भरपूर आहेत.

वर्धारोडकर
आणा म्हणजे भाजी आहे का? प्रेशराइज्ड विमान आयात करायचं तर डीजीसीएची (सरकारी विमान खात्याची) वयाची आणि प्रेशर सायकलची, म्हणजे केबिन किती वेळा फुगवली त्याची, अट आहे. त्यात बसणारं घ्यायला गेलात की फ्लॅट नाही, अख्खी बिल्डिंग.

टेलविंड
ठरलं असं. टोकन दिलं नाही अजून. काका, पुढच्या शनिवारी माझ्यासोबत विमान बघायला याल का? जाण्या-येण्याचं, राहण्याचं माझ्याकडे. बोरोस्कोपची, म्हणजे इंजिनाच्या आत घालून बघायच्या कॅमेऱ्याची सोय करतो. तुम्ही नाही म्हणालात तर नाही. वर्धारोडकरांनी नाही म्हटलं तर मात्र नक्की घेणार.

वर्धारोडकर
घ्या. साबण आणि ब्रश माझ्याकडून भेट.

खामल्याचे काका
येतो. पण ते विमान मला आधी बंद पाहिजे, थंड. मी यायच्या आधी कोणी इंजिन तापवून ठेवलं तर तिथूनच परत फिरेन. आणि जायचं कसं?

टेलविंड
कारनेच. समृद्धीने.

बुटीबोरी टू भिवंडी
टायरचे चार आकडे वाचून इथं टाका. मागच्या दोन्ही चाकांचे.